झोपेत घाट चढणारी बाई

"मध्यरात्री तीव्र व्यायाम टाळावा, झोपेचं चक्र बिघडतं." हा उपदेश मला केलाय फोनमधल्या एआय सहाय्यकाने. मला! जी साडेनऊला आडवी होते, पावणेपाचला उठते आणि 'तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर' असं नवऱ्याला बजावून साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट पळत चढायला लागते.

भानगड अशी की माझ्या मनगटावरच्या स्मार्ट घड्याळाच्या फाइलमध्ये पळण्याची वेळ यूटीसीने, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेने, लिहिलेली असते. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. मी पहाटे ५:४० ला पळायला सुरुवात केली की तिथे ००:१० उमटतं. झोपेचे आकडे मात्र आपल्या भारतीय वेळेप्रमाणे. आता या महाशयांकडे दोन्ही आहेत. त्यांच्या हिशोबाने मी पावणेपाचपर्यंत गाढ झोपलेली आणि त्याच झोपेत घाट चढून आलेली! हे कसं शक्य आहे, असा प्रश्नसुद्धा पडला नाही त्याला. सरळ प्रवचन.

बरं, मला विचारायचं काय होतं? एकच. सप्टेंबरमध्ये सातारा हिल हाफ मॅरेथॉन, २१ किलोमीटर. चढावर माझे ठोके १७८ दाखवतात, पण दम तर तेवढा लागत नाही, गप्पा मारत चढते मी. असं का? बस. एवढ्यासाठी ठोके आणि वेग, दोनच गोष्टी द्यायच्या होत्या.

तर घड्याळाची माहिती सहाय्यकाला जोडून द्यायच्या पानावर ही भलीमोठी यादी. पावलं, झोप, वजन, ठोके, ठिकाण, पाळीच्या तारखा. पाळीच्या तारखा! घाटातल्या ठोक्यांसाठी! आणि खाली दोनच बटणं: 'सर्व परवानगी द्या' आणि 'रद्द करा'. भाजीवाल्याकडे कोथिंबिरीची जुडी मागितली तर तो म्हणतो का, आधी कपाटाची किल्ली द्या?

२०२३ च्या आपल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात लिहिलंय की संमती कामापुरत्याच माहितीसाठी असते. उदाहरणही दिलंय: टेलिमेडिसिनच्या, म्हणजे फोनवरून उपचार देणाऱ्या, अ‍ॅपने संपर्कयादीही मागितली आणि बाईने दोन्हीला हो म्हटलं, तरी संमती उपचारापुरतीच धरायची, कारण उपचाराला संपर्कयादी लागत नाही. शब्द चांगलेत. माझ्या फोनवर बटणं दोनच.

ठिकाण तर मला अजिबात द्यायचं नव्हतं. पळण्याचा पहिला जीपीएस बिंदू कुठे असतो? आमच्या फाटकात. रोज, त्याच वेळी. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हा या पळणाऱ्यांच्या अ‍ॅपच्या जागतिक नकाशावर परदेशातल्या लष्करी तळांच्या वाटा उजळून निघाल्या होत्या, का तर जवान घड्याळ लावून पळत होते. तिथे जवानांचं हे, तर माझं फाटक काय लपणार?

शेवटी 'सर्व' दाबलं. हो, दाबलं. स्वतःचाच राग आलाय म्हणून तर एवढं लिहितेय.

आणि एवढं सगळं घेऊन उत्तर काय? २२० वजा वय, म्हणजे माझं ४४, म्हणून कमाल ठोके १७६. तुम्ही कमाल मर्यादा ओलांडत आहात, पळणं थांबवा, हृदयरोगतज्ज्ञांना भेटा. सातवीतलं पोरही करेल ही वजाबाकी! त्यात हा आकडा सरासरीचा, माणसागणिक दहाबारा ठोके सहज इकडेतिकडे होतात, हे एका शब्दाने नाही. मी मात्र ते वाचून दोन दिवस छातीवर हात ठेवून झोपले.

तिसऱ्या दिवशी आमच्या ग्रुपमधल्या काकांनी मनगट बघितलं. वय ६८, फोन साधा, बटणांचा. म्हणाले, "पट्टा किती ढिला बांधलाय गं! पावलं किती पडतात मिनिटाला?" बघितलं तर १७८. ठोकेही १७८. घड्याळाचा तो ठोके मोजणारा हिरवा दिवा चुकून पावलांचा ताल पकडत होता आणि तोच ठोके म्हणून लिहीत होता. काकांनी छातीला बांधायचा ठोके मोजणारा पट्टा दिला. त्याच चढाला १५२. संपला विषय.

आता मला सांगा, मिनिटाची पावलं त्या फाइलमध्ये होतीच ना? ठोक्यांच्या शेजारच्या रकान्यात! दोन्ही रेषा एकमेकींवर बसलेल्या. ते बघायला नको? पण नाही. पाळीच्या तारखा मात्र नीट वाचल्या, कारण मधेच 'या दिवसांत विश्रांती घ्या' असा प्रेमळ सल्लाही आला. विचारलं होतं कोणी?

वरून काल रात्रीची शाबासकी: "८:१० ते ८:४० दरम्यान छान हालचाल केलीत!" अरे बाबा, पोळ्या लाटत होते.

आज जोडणी काढायला गेले. पाच पानं आत लपवलंय ते बटण. दाबलं तर विचारतोय, "जोडणी काढल्यास आधी मिळालेली माहिती लगेच हटेलच असे नाही. तसेच तुमचा अनुभव कमी वैयक्तिक होईल. पुढे जायचे?"

होऊ दे की कमी वैयक्तिक! कधी एकदा होतोय असं झालंय!