दोन शुस्टर, एक सभात्याग आणि बुडालेलं जहाज

नमस्कार. प्रशांत महासागरातल्या सामोआ या बेटराष्ट्राचे माजी पर्यावरणमंत्री तोएओलेसुलुसुलु सेड्रिक शुस्टर यांच्यावरच्या लेखाला तुम्ही तीन आक्षेप घेतलेत: 2024 च्या बाकू हवामान परिषदेतला त्यांचा सभात्याग हे निव्वळ नाटक होतं, सामोआजवळ जहाज बुडालं तेव्हा पर्यावरणमंत्री म्हणून त्यांनी काहीच केलं नाही, आणि मुळात हे गृहस्थ पोलीसमंत्री होते.

शेवटचा आधी घेऊ, कारण तो सोपा आहे. पोलीस खातं फाउआलो हॅरी शुस्टर यांच्याकडे होतं. 2021 साली सत्तेवर आलेल्या पंतप्रधान फिआमे नाओमी माताआफा यांच्या मंत्रिमंडळात शुस्टर दोन होते. सामोआत नावाच्या आधी येतो तो ‘मताई’ किताब, म्हणजे कुटुंबप्रमुखाची पदवी. तो कुटुंबाकडून मिळतो, आणि नसेल तर निवडणुकीला उभंच राहता येत नाही. मग तुम्ही कितीही नावाजलेले पर्यावरणतज्ज्ञ असा. तेव्हा आडनाव सोडा, पहिला शब्द बघा.

आता बाकू. आपल्या विधानसभेत विरोधक सभात्याग करतात तेव्हा त्यांचं फारसं काही जात नाही, कारण संख्याबळ नसतंच. हवामान परिषदेत निर्णय सर्वसहमतीने होतात. तिथे लहान देशाच्या हातात एकच गोष्ट असते: खोलीत हजर राहून ‘आमची हरकत आहे’ म्हणणं. गैरहजर राहिलात की तीही गेली. हा धडा बेटराष्ट्रांना 13 डिसेंबर 2023 ला दुबईच्या परिषदेत मिळाला. त्यांच्या आघाडीचं, म्हणजे आओसिसचं, अध्यक्षपद सामोआकडे होतं. सदस्य आपसात मसलत करून सभागृहात पोचायच्या आतच परिषदेच्या अध्यक्षांनी हातोडा आपटला आणि निर्णय मंजूर झाला. सामोआच्या मुख्य वाटाघाटीकार ॲन रासमुसेन यांनी तो मुद्दा भर सभेत मांडला, त्यांच्यासाठी टाळ्याही पडल्या, पण मंजूर झालेला मजकूर तसाच राहिला.

म्हणून 23 नोव्हेंबर 2024 चा सभात्याग नीट पाहा. सेड्रिक शुस्टर तेव्हा आओसिसचे अध्यक्ष होते. ते आणि अल्पविकसित देशांचे प्रतिनिधी बाहेर पडले ते मसलतीच्या बैठकीतून. मुख्य सभा अजून व्हायची होती आणि तिला ते हजर राहिले. मागणी नेमकी होती: विकसनशील देशांसाठी ठरणाऱ्या एकूण हवामान निधीतले वर्षाला किमान 39 अब्ज डॉलर बेटराष्ट्रांना आणि 220 अब्ज अल्पविकसित देशांना, तेही मजकुरात आकड्यासकट. ‘प्राधान्य देऊ’ अशा भाषेला तिथे कोणी भुलत नाही. अखेर 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज ठरले आणि राखीव वाटा मात्र आला नाही. इथे तुमचं म्हणणं मान्य, तोंडाला पानंच पुसली गेली. हरित हवामान निधी, अनुकूलन निधी वगैरेंमधून होणारं वाटप 2022 च्या तुलनेत 2030 पर्यंत किमान तिप्पट करण्याचा प्रयत्न करू, एवढं वाक्य हाती लागलं. तेही ‘प्रयत्न करू’!

जहाजाचं म्हणाल तर ‘मानावानुई’ न्यूझीलंडच्या नौदलाचं होतं. 5 ऑक्टोबर 2024 च्या संध्याकाळी सामोआच्या उपोलू बेटाच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ते प्रवाळखडकावर चढलं आणि दुसऱ्या सकाळी बुडालं. 75 जण सुखरूप सुटले. ऑटोपायलट चालू होता; जहाज वळेना तेव्हा यंत्रच बिघडलं असं खलाशांना वाटलं आणि तो बंद करायचा राहून गेला. जहाजावर सुमारे 950 टन इंधन होतं. पण सामोआत सागरी प्रदूषणाची समिती बांधकाम-वाहतूक खात्याच्या नेतृत्वाखाली चालते. रोजची निवेदनं तिकडून येत होती, म्हणून पर्यावरणमंत्री तुम्हाला दिसले नाहीत. खातेवाटप गैरसोयीचं आहे हे खरं, पण ते त्यांनी केलेलं नाही.

‘मग किनारा एका फटक्यात राखीव का नाही केला?’ असंही तुम्ही जाता जाता विचारलंय. सामोआतली सुमारे 80 टक्के जमीन पारंपरिक मालकीची आहे आणि राज्यघटनेनुसार ती विकता येत नाही. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात मासेमारी कुठे बंद ठेवायची, हे गावोगावचे फोनो, म्हणजे मताईंच्या सभा, ठरवतात. मंत्र्याने कागदावर रेघ मारली आणि फोनो राजी नसेल, तर त्या पाण्यात जाळी पडतातच. 2025 मध्ये सुमारे 1 लाख 20 हजार चौरस किमी समुद्राचा आराखडा कायद्यात आला. त्यात 9 नवी पूर्ण संरक्षित क्षेत्रं आहेत, एकूण 36 हजार चौरस किमी.

मूळ लेखात बाकूच्या परिच्छेदात ‘यश’ असा शब्द होता. तो काढून तिथे 39 अब्जांची फेटाळलेली मागणी घातली आहे.