दौडींचा पैसा फिजिओथेरपीपर्यंत पोहोचावा

नागपुरात थंडी पडू लागली की धर्मादाय दौडींची आमंत्रणे येऊ लागतात. यंदा त्यांपैकी एका दौडीत पाच किलोमीटर धावण्यासाठी मी नाव नोंदवले आहे. अर्धांगवायूतून उठलेल्या बाईने हा हट्ट कशासाठी धरावा, असे अनेक आप्तांनी काळजीने विचारले. त्याचे उत्तर जरा सविस्तर द्यावेसे वाटते.

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते. माझे तोंड वाकडे झाल्याचे आणि उजवा हात लुळा पडल्याचे यजमानांच्या लगेच लक्षात आले, सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय जवळ होते, म्हणून ते मला वेळेत मिळाले. मात्र त्यानंतर माझे चालणे परत आणले ते फिजिओथेरपीने. मेंदूच्या शाबूत भागाला गमावलेले काम नव्याने शिकवायचे, तर एकच हालचाल असंख्य वेळा करावी लागते, आणि सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो. पंजा खाली लोंबू नये म्हणून पायाला स्प्लिंट बांधायचा, एका वाटीतले हरभरे एकेक उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचे, आणि एवढ्यानेही इतका थकवा यायचा की दुपारभर बोलवत नसे. पुढे अंबाझरी तलावाच्या बाजूला काठी घेऊन चालणे सुरू झाले. धावणे फार नंतरचे, तेही रक्तदाब आटोक्यात आल्यावर आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच.

हे सारे मला घरबसल्या मिळाले, याची बोच मनात आहे. रुग्णालयात माझ्या शेजारच्या खाटेवर गडचिरोली जिल्ह्यातील एक शेतकरी होते. सुट्टी मिळाली त्या दिवशी, गावी हे व्यायाम कोण करून घेणार, असे त्यांचा मुलगा प्रत्येकाला विचारत होता आणि कोणापाशीच उत्तर नव्हते. याच जिल्ह्यातील ‘सर्च’ संस्थेने 86 गावांत केलेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तिथे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण लकवा असल्याचे दिसले. साधारण दर सात मृत्यूंमागे एक. जे वाचतात, त्यांतले कित्येक खाटेला खिळून राहतात आणि त्यांचे सगळे घरातल्या बायकांना करावे लागते.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की आपल्या शहरातल्या दौडींमधून जमणाऱ्या पैशाचा ठरावीक वाटा रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांसाठी राखून ठेवावा. गावोगावी जाणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे मानधन, स्प्लिंट, रुग्णाचे बसभाडे आणि घरच्यांना व्यायामाचे प्रशिक्षण, एवढ्यावर तो खर्च झाला तरी पुष्कळ होईल. टी-शर्ट आणि पदकांना माझा विरोध नाही. मुले त्यासाठीच येतात आणि यावीत. पण 2004 साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये धावपटू स्वतः संस्था निवडून तिच्यासाठी निधी उभारतात. तशी मुभा नागपुरातही प्रत्येक आयोजकाने द्यावी, आणि जमाखर्च जाहीर करावा.

माझ्या आयोजकांना मी तसे पत्र दिले आहे. त्यांचे उत्तर आले की इथेच कळवीन. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया किंवा भंडारा जिल्ह्यांत रुग्णांच्या घरी जाऊन काम करणारे फिजिओथेरपिस्ट आपल्या माहितीत असतील, तर त्यांना माझ्याशी संपर्क साधायला कृपया सांगावे.