शांत पालकांना स्टार

मुलीच्या नव्या शाळेने काल पालकांना शाळेची ओळख करून दिली. शेवटी शांत बसलेल्या पालकांच्या हातावर चकचकीत स्टार चिकटवले. बायकोला मिळाला, मला नाही. "या बाबांनी मध्ये मध्ये फार प्रश्न विचारले," असं को-ऑर्डिनेटर मॅडम लाडिकपणे म्हणाल्या आणि अख्खा हॉल हसला. बायकोसुद्धा. मी गृहकर्ज फेडतो, सोसायटीचा खजिनदार आहे, तरी ते हसू अजून डोक्यातून जात नाही.

विचारलं काय होतं? चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका, असं सरकारने २०२४ साली सांगितलंय, मग तुमची बस पावणेसातला कशी?

"शाळा नऊलाच आहे सर. त्याआधी फक्त ॲक्टिव्हिटी असते."

"ऐच्छिक?"

"अर्थात! अटेंडन्स मात्र लागतो."

पुढे स्मार्ट बोर्ड, रोबोटिक्स लॅब, 'आम्ही एक कुटुंब आहोत' वगैरे झालं. मग शाळा दाखवायला नेलं, आणि तिथे आजोबा सुटले.

हे कुणाचे तरी आजोबा, जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठ्यातून रिटायर झालेले. शर्टाच्या खिशात दोन पेनं, पँटच्या खिशात मोजायचा टेप. नातीच्या शाळाप्रवेशाला माणूस टेप घेऊन येतो, तिथेच मी त्यांचा झालो.

"बाई, टाकी शेवटची कधी धुतली?"

बाई म्हटल्यावर मॅडमचा चेहरा जरा आंबला. "काका, आपल्याकडे आरओ आहे."

"आरओ नळाशी. मी गच्चीवरचं विचारतोय."

"हाउसकीपिंग बघतं ते."

"तारीख टाकीवर रंगवून ठेवा. आम्ही ठेवायचो. बरं, मैदान?"

मॅडमनी खिडकीतून 'मल्टिपर्पज कोर्ट' दाखवलं. त्यावर पाच बस उभ्या होत्या.

"२००९च्या शिक्षण हक्क कायद्यात मैदान लिहिलंय बाई. डेपो नाही."

रोबोटिक्स लॅबला कुलूप होतं. किल्ली ज्या सरांकडे, ते रजेवर. काचेतून प्लास्टिक पांघरलेलं एक यंत्र दिसलं, त्याचे सगळ्यांनी फोटो काढले. आजोबा तोवर मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराशी उकिडवे बसून टेप लावत होते.

"कडी साडेचार फुटांवर! पहिलीतलं पोर साडेतीन फुटांचं. ते दार लावणार कसं?"

मॅडम म्हणाल्या, "मावशी असतात ना बाहेर."

"मावशी बाहेर, म्हणून पोरीनं दार उघडं ठेवून बसायचं?"

एकदम शांतता. मघाशी 'कोडिंग कितवीपासून?' विचारणाऱ्या आया दाराकडे बघायला लागल्या. इथे मलाही विनोद सुचेना. आमच्या गावच्या झेडपी शाळेत दोन खोल्या होत्या आणि पाऊस आला की एकच. पण कडी हाताशी होती आणि गुरुजींना कुणाचाही बाप हटकू शकायचा. इथे लाखभर मोजून मला गेटच्या आत यायला अपॉइंटमेंट लागणार आहे. म्हणे कुटुंब! पालक-शिक्षक संघाबद्दल विचारलं तर "व्हॉट्सॲप ग्रुप आहे ना सर." त्या ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहू शकतात. फी ठरवताना त्याच संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता घ्यायची, असा राज्याचा कायदा आहे, हेही मी बोलून टाकलं. स्टार तिथेच गेला असावा.

मग अभिप्रायाचा फॉर्म आला. त्यावर तीन चेहरे, एक हसरा, एक जास्त हसरा आणि एक डोळ्यांत बदाम असलेला. लिहायला जागाच नाही. आजोबांनी समासात लिहिलं, 'कडी तीन फुटांवर घ्यावी.' खाली सही, तारीख, आणि 'प्रत माहितीसाठी : मुख्याध्यापक'.

फीच्या रांगेत ते माझ्या पुढेच होते. पावती डोळ्यांजवळ धरून त्यांनी 'मेंटेनन्स' या ओळीवर पेन ठेवलं आणि खिडकीतल्या पोराला शांतपणे विचारलं,

"यात कडी धरली आहे का रे?"