गाडी कुणालाही द्या, इन्शुरन्स आहे ना!

इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या मराठी बांधवांची खरंच कीव करा. तिकडे बायकोने गाडी चालवायची तर पॉलिसीत तिचं नाव घालावं लागतं. विशीतल्या पोराचं नाव घालायचं म्हटलं तर प्रीमियमचा आकडा बघून बाप त्याला बसचा पास काढून देतो. आपल्याकडे असली भानगड नाही. आपल्या खासगी गाडीच्या पॉलिसीत 'ड्रायव्हर्स क्लॉज' नावाचा परिच्छेद असतो. गाडी मालकासह कुणीही चालवावी, अट एकच, अपघाताच्या वेळी चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स असावं. म्हणजे एक छदाम न भरता अख्खं खानदान पॉलिसीत! ती लायसन्सची अट बारीक अक्षरात आहे. डोळ्यांना कशाला त्रास द्यायचा?

तेव्हा मंडळी, उदार व्हा. चावी कुणीही मागो, द्या.

लायसन्स मात्र चुकूनही विचारू नका. नातेवाइकाला लायसन्स विचारणं म्हणजे पाहुण्याने हात धुतलेत का ते तपासून मग ताट वाढणं.

पगारी ड्रायव्हर ठेवला असेल तर त्याच्यासाठी पॉलिसीत पन्नास रुपये जास्तीचे भरायचा रकाना असतो. तो रिकामा सोडा. तेवढ्यात लिंबू-मिरची येते.

शेजाऱ्यांना शिर्डीला जायचं असेल तर 'डिझेल तुमचं, वर थोडे माझे' या बोलीवर पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी बिनधास्त द्या. खासगी गाडी भाड्याने चालवली की विमा लागू होत नाही, हे त्यांना प्रसाद घेऊन परत आल्यावर सांगा.

सतरा वर्षांचा भाचा 'सोसायटीतच एक राउंड' म्हणत असेल तर त्याचं मन मोडू नका. पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या पोराच्या गाडीखाली दोघे गेले, ते आपण विसरलोच आहोत. मोटार वाहन कायद्याच्या १९९अ कलमात मालकाला २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द, एवढंच काय ते लिहिलंय.

आता मुख्य सल्ला. गाडी ठोकून आली की क्लेम करा आणि फॉर्ममध्ये स्वतःचं नाव टाका. हा सल्ला माझा नाही, आमच्या साडूंचा आहे. त्यांचे चिरंजीव गेल्या महिन्यात मित्राच्या हळदीला आमची गाडी घेऊन गेले. आली तेव्हा पुढचा बंपर एका क्लिपवर लोंबत होता आणि फॉग लॅम्पच्या जागी भोक होतं, त्यात झेंडूच्या दोन पाकळ्या. "काका, टेन्शन नका घेऊ, इन्शुरन्स आहे ना!" म्हणून पोरगा पोहे खायला बसला. फॉर्म भरताना लायसन्स मागितलं तर निघालं लर्निंग. तेही संपलेलं. सहा महिन्यांची मुदत असते त्याला. गाडी चालवताना शेजारी पक्कं लायसन्सवाला बसलेला लागतो. शेजारी कोण होतं? नवरदेवाचा मामेभाऊ, मागे स्पीकर धरून बसायला जागा नव्हती म्हणून पुढे आलेला.

मग साडूंचा फोन. "अहो, तुमचंच नाव टाका की. कोण बघायला येतंय?"

विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो बघायला! त्याचं पोट त्यावरच चालतं. फॉर्मवर स्वच्छ विचारलेलं असतं : गाडी कोण चालवत होतं, मालकाशी नातं काय, लायसन्स नंबर काय, कधीपर्यंत वैध. खाली 'वरील माहिती खरी आहे' आणि सही. सही कुणाची? माझी. साडूंची नाही. त्या रात्री मी घरी झोपलो होतो आणि गाडी टोलनाक्यावरून गेली होती, फास्टॅगचा मेसेज माझ्याच फोनवर आलाय. उद्या खोटं उघड पडलं की क्लेम तर गेलाच, वर फसवणुकीचा शिक्का माझ्या कपाळावर. आणि समजा नाही पडलं उघड. तरी? सलग पाच वर्षं क्लेम न करता ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या, प्रीमियमवर ५० टक्के सूट, म्हणजे नो क्लेम बोनस, मिळवला होता, तो एका बंपरापायी शून्य. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याची जोड-पॉलिसी, नसेल तर प्लास्टिकच्या भागावर निम्मा घसारा कापतात, आणि बंपर काही पितळेचा नसतो. वर सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपल्याच खिशातून जाणारे पैसे, १५०० सीसीपर्यंत हजार, त्यापुढे दोन हजार. हातात येणार काय? आणि मी नाही म्हटल्यावर मेहुणीचा बायकोला फोन : "भावोजींना माणसांपेक्षा बंपर मोठा झाला का?"

हो. झाला.

कारण त्या बंपरच्या जागी कुणाचा पाय असता तर? लायसन्स न बघताच मालकाने गाडी दिली असं सिद्ध झालं, तर विमा कंपनी जखमीला भरपाई देते आणि ती मालकाकडून वसूल करू शकते. सर्वोच्च न्यायालयाचा २००४ सालचा निकाल आहे. आणि साडूसाहेब, तुमच्या पोरालाच काही झालं असतं तर? पॉलिसीबरोबर घेतो तो पंधरा लाखांचा अपघात विमा मालक-चालकाचा असतो, उसनी गाडी चालवणाऱ्याचा नाही. इतरांसाठी वेगळा घ्यावा लागतो, तोही मिळतो, कुणी विचारलंय कधी एजंटला? 'इन्शुरन्स आहे ना' म्हणणाऱ्या एकाने तरी स्वतःची पॉलिसी उघडून पाहिलीय का?

लायसन्सचा फोटो मागितला की अपमान होतो, आणि दुसऱ्याच्या बॉनेटवर बसून रील काढताना काही वाटत नाही? बावीस वर्षांचा घोडा झालाय, आरटीओत टेस्ट द्यायला वेळ नाही, हळदीला रात्रभर नाचायला आहे! जोपर्यंत पक्कं लायसन्स हातात पडत नाही तोपर्यंत रिक्षाने फिरा, एसटीने फिरा. दुसऱ्याला खोटी सही करायला सांगू नका. आणि मी स्वतःच्या खिशातून भरलेलं गॅरेजचं बिल व्हॉट्सॲपवर पाठवलंय, निळ्या टिका दिसतायत मला.