गिफ्टेड घेतलं नाही तरी चालतं

‘पहिला फॉलआउट सुरू करतोय, कॅरेक्टर कसं बनवू?’ असं या जुन्या कॉम्प्युटर गेमबद्दल कुणी विचारायचा अवकाश, ठरलेलं उत्तर हजर होतं. गिफ्टेड ट्रेट (सुरुवातीलाच निवडायचा, फायद्यासोबत तोटाही देणारा स्वभावविशेष) घ्या. सात मूळ गुणांपैकी ॲजिलिटी, म्हणजे चपळाई, १०, नाहीतर टर्नमध्ये (आपल्या एका पाळीत) दोन गोळ्या सुटत नाहीत. करिष्मा १. टॅग करा (म्हणजे खास आपली म्हणून निवडा) ही तीन स्किल: एनर्जी वेपन्स, स्पीच आणि लॉकपिक, कारण शेवटी प्लाझ्मा रायफलच लागते. यातलं काही चुकवलंत तर कॅरेक्टर वाया. आणि १५० दिवसांचं घड्याळ चालू असतं, तेव्हा प्रयोग करत बसू नका.

यात धडधडीत खोटं फारसं नाही. घोळ एवढाच की हे लिहिणाऱ्याने गेम तीन-चारदा संपवलेला असतो, आणि वाचणारा व्हॉल्ट १३ या भूमिगत आसऱ्याच्या दाराबाहेर पहिल्यांदाच पाऊल टाकत असतो.

आधी एनर्जी वेपन्स. गेम तुमच्या हातात देतो १० एमएम पिस्तूल, म्हणजे लागतं स्मॉल गन्स हे स्किल. एनर्जी वेपन्समधली प्लाझ्मा रायफल दिसायला बराच गेम जावा लागतो. या गेममध्ये स्मॉल गन्सचा सुरुवातीचा आकडा, म्हणजे ढोबळमानाने गोळी लागायची टक्केवारी, असतो ३५ अधिक ॲजिलिटी. ॲजिलिटी १० धरली तर ४५. पण गिफ्टेड सगळीच स्किल १० अंकांनी पाडतं, म्हणजे परत ३५. त्यातून अंतर आणि समोरच्याचं चिलखत वजा करा. माझं पहिलं कॅरेक्टर याच सल्ल्याबरहुकूम बनवलेलं होतं. शेडी सँड्स गावाजवळच्या गुहेत ते विंचवांच्या आजूबाजूच्या भिंतींवर गोळ्या झाडत होतं. विंचू मात्र एकदाही चुकला नाही.

‘ॲजिलिटी १० नसेल तर टर्नमध्ये दोन गोळ्या सुटत नाहीत’ हा मुद्दा जरा बारकाईने बघू, कारण सगळा सल्ला त्यावरच उभा आहे. दर टर्नला ॲक्शन पॉइंट मिळतात ५ अधिक ॲजिलिटीच्या निम्मे, अपूर्णांक सोडून. पिस्तुलाच्या एका गोळीला ५ पॉइंट लागतात. ॲजिलिटी १० असेल तर १० पॉइंट, दोन गोळ्या, आणि हलायला शून्य. ॲजिलिटी ८ किंवा ९ घेतलीत तर ९ पॉइंट, म्हणजे एकच गोळी. गंमत म्हणजे ॲजिलिटी ४ वालाही ७ पॉइंटांत तीच एक गोळी झाडतो. तेव्हा १० चा हट्ट अगदीच बिनबुडाचा नाही.

पण फास्ट शॉट नावाचा ट्रेट आहे, त्याचं नाव या सल्ल्यात कधी नसतं. तो घेतला की गोळी ४ पॉइंटांत सुटते. आता ॲजिलिटी फक्त ६ ठेवा: ८ पॉइंट, दोन गोळ्या. स्मॉल गन्स टॅग करा: ३५ अधिक ६ अधिक टॅगचे २०, झाले ६१. एकीकडे ३५ टक्क्यांच्या दोन गोळ्या, दुसरीकडे ६१ टक्क्यांच्या दोन. विंचवासमोर कोण टिकेल ते सांगायला नको. आणि ॲजिलिटीतून वाचलेले गुण-पॉइंट एन्ड्युरन्स किंवा पर्सेप्शन अशा दुसऱ्या गुणांकडे वळवता येतात. किंमतही मोजावी लागते: फास्ट शॉट घेतला की नेम धरून डोळ्यांवर मारायची सोय कायमची गेली. गेमच्या उत्तरार्धात ती उणीव जाणवते, नाही असं नाही.

गिफ्टेडची दुसरी वसुली दर लेव्हलला होते. स्किल पॉइंट मिळतात ५ अधिक इंटेलिजन्सच्या दुप्पट, आणि गिफ्टेड त्यातले ५ कापून घेतं. गिफ्टेडवाला इंटेलिजन्स ८ वर १६ पॉइंट घेतो. बिनगिफ्टेड माणूस ६ वर १७ घेतो. सातही गुण एकेकाने वाढून मिळतात, तेवढं मोल त्याला आहेच. पण त्याच्याशिवाय कॅरेक्टर निकामी होतं हे काही पटत नाही.

करिष्मा १ बद्दल वाद नाही. टॅग केलेल्या स्पीचमध्ये करिष्मा १ आणि ६ मधला फरक पाच स्किल पॉइंटांत भरून निघतो. सोबती किती घ्यायचे हेही पहिल्या भागात करिष्मावर ठरत नाही. ती भानगड दुसऱ्या भागापासून. शेडी सँड्सचा इयन शंभर कॅप्सवर (हे गेममधलं चलन) सोबतीला येतो. (त्याच्या हातात एसएमजी, म्हणजे सबमशीन गन, देऊन स्वतः त्याच्या पुढे उभे राहू नका. पाठीत गोळ्या बसल्या की कळतं.)

‘एकदा चुकलं की चुकलं’ म्हणतात, तेही पुरतं खरं नाही. हब या व्यापारी शहरात स्मॉल गन्स, सायन्स, रिपेअर वगैरेंची पुस्तकं मिळतात. एनर्जी वेपन्सचं पुस्तक कुठेच नाही, हे खरं. पण बाराव्या लेव्हलला टॅग नावाचा पर्क (लेव्हल वाढल्यावर निवडायची खास क्षमता) मिळतो आणि चौथं स्किल टॅग करता येतं. प्लाझ्मा रायफलची हौस तेव्हा भागवा. ब्रदरहुड या शस्त्रधारी पंथाच्या बंकरमध्ये शस्त्रक्रियेने काही गुण एकेकाने वाढतात, पॉवर आर्मर अंगावर चढवलं की स्ट्रेंग्थ ३ ने वाढते. म्हणून सुरुवातीला स्ट्रेंग्थवर उधळपट्टी करू नका, हा सल्ला खरं तर द्यायला हवा होता. तो कुणी देत नाही.

१५० दिवस असतात ते व्हॉल्टचं पाणी चालू ठेवणारी वॉटर चिप शोधायला. दिवस खातो तो नकाशावरचा प्रवास आणि जखमा भरायला घेतलेली विश्रांती. हबच्या पाणी व्यापाऱ्यांना पैसे मोजून व्हॉल्टला पाणी पाठवलं तर आणखी १०० दिवस मिळतात. आणि नवं कॅरेक्टर घेऊन पुन्हा सुरुवात केली तर घड्याळही शून्यापासूनच चालू होतं. मग प्रयोगाला बंदी कशापायी?

राहता राहिलं ‘शेवटी प्लाझ्मा रायफलच लागते’. ज्यांनी शेवट पाहिला नाही त्यांनी इथे थांबावं. गेमचा खलनायक मास्टर याला सगळ्या माणसांचे म्युटंट बनवायचे असतात, पण त्याच्या म्युटंटांना मुलं होत नाहीत. याचा पुरावा ब्रदरहुडच्या व्री हिच्याकडे आहे. तो घेऊन मास्टरशी बोलत राहिलं तर आपली सगळी योजनाच फोल आहे हे त्याला पटतं, आणि तो स्वतःच्या हाताने सगळं संपवतो. माझ्या फास्ट शॉटवाल्या कॅरेक्टरने त्या खोलीत पिस्तूल बाहेरच काढलं नाही.