‘पोटासाठी गेले, त्यात संशोधन कसले?’

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मोबाइलवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. कोकणी माणूस पोटासाठी मुंबईला गेला, इंग्रजांच्या गिरण्यांनी त्याला पोसले, याचे कागद कुठेही नाहीत. तरीही काही प्राध्यापक ‘स्थलांतर आणि वसाहतवाद’ या नावाखाली आयुष्यभर पगार घेतात, असा त्याचा आशय. मी याच भागात हाच विषय शिकवतो, तेव्हा मी तटस्थ नाही, हे आधीच सांगतो.

पोटासाठी गेले, हे खरे. पण पोट सगळ्याच जिल्ह्यांत होते. मग 1911 च्या सुमारास मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळपास निम्मे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले का होते? याचे उत्तर शोधताना खोतीपाशी, म्हणजे गावचा सारा वसूल करण्याच्या वतनी हक्कापाशी, यावेच लागते. सरकार आणि कूळ यांच्या मध्ये खोत बसलेला होता, वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत निघालेल्या धान्यातलाही वाटा त्याच्या घरी जात होता आणि 1880 च्या कायद्याने या व्यवस्थेला चौकट मिळाली होती. डॉ. आंबेडकरांनी 1937 मध्ये खोतीविरुद्ध विधेयक मांडले. ती कायद्याने संपायला 1949 उजाडले. दुसरे कारण लष्कराचे. कोकणातल्या महार कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या आधार असलेली मुंबई लष्करातली भरती 1890 च्या दशकात बंद झाली. दापोलीच्या कॅम्पात पेन्शनर होते, पण त्यांच्या मुलांना पलटणीचे दार बंद होते.

गिरण्यांनी पोसले, हे विधान तर उलटे वाचावे असे आहे. मुंबईतली पहिली कापड गिरणी 1854 मध्ये उभारायला घेतली ती कावसजी दावर या पारशी व्यापाऱ्याने, म्हणजे ‘इंग्रजांच्या गिरण्या’ इथेच अडखळते. शिवाय मजुरी बेभरवशाची असल्यामुळे बहुतेकांनी बायकामुले गावीच ठेवली. आजारपण, बाळंतपण, म्हातारपण आणि संपाचे महिने गावाने सांभाळले. कामगाराचे गावाशी असलेले नाते हा शेतकरी मनाचा हट्ट नसून नोकरीच्या असुरक्षिततेवरचा उपाय होता, हे इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी दाखवून दिले आहे. मनीऑर्डर गावाकडे येत होती हे सगळ्यांना दिसते. लावणी-कापणी करून घर चालवणाऱ्या बाईचे श्रम कोणत्याच पावतीवर नसल्यामुळे दिसत नाहीत.

कागद नाहीत, हे मात्र साफ चूक आहे. मुंबई बंदरातून मराठी मजूर करारावर मॉरिशसलाही गेले.  तिथल्या मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत त्या काळच्या नोंदवह्या आहेत. त्यांत मजुराचे नाव, बापाचे नाव, गाव, उंची, अंगावरची खूण असे सगळे आहे. गावांची नावे कारकुनाला जशी ऐकू आली तशी लिहिलेली असल्यामुळे ती ओळखायला इथलाच माणूस लागतो.

पगाराचा मुद्दा राहिला. तो मिळतो.

गेल्या मे महिन्यात एका विद्यार्थिनीच्या घरी पोटमाळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडली. आत सुतळीने बांधलेली मनीऑर्डरची कुपने होती, कडा वाळवीने कुरतडलेल्या. रकमेखाली दोन-तीन ओळींत पोचल्याचे कळवा, गणपतीला रजा मिळत नाही, एवढेच लिहिलेले. आजीने ते पुडके कॉलेजात नेऊ दिले नाही; फोटो तिच्यासमोर, पडवीत बसूनच काढावे लागले.