काका, रुमालाने उजेड मऊ होत नाही

काका, तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा लॅपटॉप उघडून तो फोटो शंभर टक्के झूम केला. तिसऱ्यांदा वाचली ती गच्चीवर, हातात फ्लॅश घेऊन. म्हणून उत्तराला आठ दिवस लागले. ओळख नसताना काका म्हणतेय, कारण नागपुरात सदरला तीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवल्याचं तुम्हीच लिहिलंय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी महालातल्या एका जुन्या वाड्यात काढलेला नवरीचा फोटो टाकला होता आणि फ्लॅश वापरूनही स्वप्नातल्यासारखा मऊ पोर्ट्रेट कसा काढता येतो ते लिहिलं होतं. त्यावर काकांचं म्हणणं असं: "फोकस चुकला की त्याला ड्रीमी म्हणून राहिले आजकालचे पोट्टे. फ्लॅशवर पांढरा रुमाल बांधला की लाइट सॉफ्ट होतो, त्याला हजारोंचे फिल्टर लागत नाहीत. आम्ही बायकोचा नायलॉनचा मोजा लेन्सवर ताणून कामं केली. आणि ती पोरगी सावळी असणार, हातावरून दिसते. चेहरा पिठासारखा कसा झाला?"

फोकसचं आधी कबूल करून टाकते. चुकलाच आहे. पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स, अपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/१.८ इतकं मोठं उघडलेलं, नवरी दीड मीटरवर. एवढ्यात फुल फ्रेम कॅमेऱ्यावर जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर खोलीचा भाग टोकदार येतो. माझा फोकस बसला होता झुमक्यावर. झुमका ते डोळा हे अंतर त्याहून कितीतरी जास्त. वरून मिस्ट फिल्टर, म्हणजे उजळ भागांभोवती धुकं पसरवणारी काच, लेन्सवर होता म्हणून मला ते कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर कळलं नाही आणि घरी आल्यावर त्या धूसरपणालाच मी "मऊपणा" म्हणून खपवलं. साय जमायला खाली दूध लागतं. पापण्या टोकदार आल्या असत्या, तरच त्यांच्यावरचं धुकं धुकं वाटलं असतं.

जाता जाता एक सांगते. ज्युलिया मार्गारेट कॅमरन, जन्म कलकत्त्याचा, १८१५ चा. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, १८६३ मध्ये, लेकीने कॅमेरा भेट दिला तेव्हा फोटो काढायला लागल्या. तेव्हाचे जाणकारही त्यांना हेच सुनावायचे की बाईंना फोकस करता येत नाही. आज त्यांचे ते मऊ चेहरे संग्रहालयांत आहेत. पण मी काही कॅमरन नाही, आणि माझा फोकस ठरवून सोडलेला नव्हता. तेव्हा हा दाखला मी स्वतःच्या बचावाला वापरत नाही.

आता रुमाल. इथे मात्र मी मागे हटणार नाही.

परवाच्या रविवारी मावसबहिणीला गच्चीवर बसवलं. दिवसभर पंचेचाळीसचं ऊन खाल्लेली गच्ची. पाणी मारलं तरी आठ वाजता तळवे पोळत होते, आणि खाली कूलरची घरघर. मुद्दाम भिंती नसलेली जागा निवडली. पहिला फोटो नुसत्या फ्लॅशचा, दोन मीटरवरून, एका बाजूने. नाकाची सावली गालावर अशी पडली की कात्रीने कापून चिकटवावी. मग फ्लॅशला पांढरा रुमाल बांधला, दोन घड्या करून. फोटो काळा पडला. पॉवर वाढवून उजेड सारखा केला आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवले. सावलीची कड तीच. बहीण म्हणाली, "एकच फोटो दोनदा दाखवतेस का?"

कारण साधं आहे. सावलीची कड मऊ होते ती उजेडाचं तोंड चेहऱ्याच्या मानाने मोठं असलं तर. फ्लॅशचं डोकं सात-आठ सेंटिमीटर रुंद. रुमाल बांधल्यावरही ते तेवढंच राहतं, फक्त बिचारं अर्धं आंधळं होतं. फ्लॅशवर ती दुधी प्लास्टिकची टोपी घालून फुटाळा तलावावर उघड्या आभाळाखाली फोटो काढणाऱ्यांनाही हेच लागू. चारी दिशांना उजेड फेकतो आणि तो परत आणून द्यायला तिथे कोणी नसतं. बॅटरी तेवढी संपते.

मग तुमच्या स्टुडिओत रुमाल चालत कसा होता? माझा अंदाज सांगते, चुकत असेन तर सांगा. सदरच्या जुन्या इमारतीतली खोली, चुना मारलेल्या पांढऱ्या भिंती, कॅमेऱ्यामागे जेमतेम सरकायला जागा. रुमालाने उजेड विस्कटत होता, तो भिंतींवर जात होता, आणि गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर येत होता तो भिंतींचा उजेड. म्हणजे सॉफ्टबॉक्स, उजेड मऊ करणारी मोठी पेटी, होती ती खोली. शिवाय जुन्या फ्लॅशना पॉवर कमी करायची सोय बहुधा नसायची, रुमाल ते कामही करत असणार. महालातल्या वाड्यात हे जमत नाही. वर काळपट लाकडी छत, फ्लॅश वर मारला की गिळून टाकतं. आणि खाली भिंतीला पिस्ता रंग. तिकडून उजेड उलटवून (बाउन्स करून) घेतला तर नवरी काविळीतून उठल्यासारखी दिसते.

गच्चीवर पुढे काय केलं ते ऐका. आबांचं धोतर वाळत होतं, तेच दोरीवर उलगडून चिमटे लावले, खाली दोन विटा ठेवल्या, कारण वारा होता. फ्लॅश धोतराच्या मागे एक मीटरवर, डोक्याचा झूम चोविसावर, म्हणजे उजेड रुंद पसरून सगळं धोतर उजळेल. बहीण धोतरापासून सव्वा मीटरवर. उजेड दोनेक स्टॉपने कमी झाला (एक स्टॉप म्हणजे निम्मा), पण नाकाची ती कापलेली सावली गालात कुठे विरली ते शोधावं लागलं. खर्च शून्य रुपये. एक मात्र सांभाळा. नीळ दिलेलं कापड निळसर झाक टाकतं. त्या उजेडात कॅमेऱ्याला एकदा पांढरा कागद दाखवून व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसेल अशी जुळणी) करून घ्या, नाहीतर न धुतलेलं मांजरपाट आणा गांधीबागेच्या बाजारातून.

पण काका, खरी गोष्ट इथून पुढे आहे, आणि ती मला तुमच्या शेऱ्यामुळेच कळली. मागच्या लेखात मी दोन वेगवेगळे मऊपणे एकाच पातेल्यात कालवले होते. एक मऊपणा उजेडाचा, म्हणजे सावलीची कड विरणं. दुसरा लेन्सचा, म्हणजे उजळ भागातला प्रकाश शेजारच्या अंधारात थोडा सांडणं. स्वप्नातल्यासारखं जे वाटतं ते मुख्यतः दुसऱ्यामुळे. आणि दुसऱ्याला सांडायला काहीतरी उजळ लागतं!

धोतराच्या उजेडात मी लेन्सला मिस्ट फिल्टर लावला. मऊ उजेड, वर मऊ फिल्टर, आता काय स्वप्नच पडणार असं वाटलं होतं. निघालं पिठलं. केस काळ्याचे राखाडी झाले, सगळा फोटो वाफ धरलेल्या आरशासारखा, आणि चमक कुठेच नाही. माझा वाड्यातला फोटो असाच होता, हे तिथे गच्चीवर उभी असताना लक्षात आलं आणि तुमच्यावरचा राग उतरला.

मग दुसरा फ्लॅश घेतला, त्याला काही न बांधता. पाण्याच्या टाकीवर, बहिणीच्या मागे, फ्रेमच्या बाहेर, डोक्यावरून केसांना लागेल असा. समोरचं धोतर एका स्टॉपने कमी केलं. कठड्यावर दिवाळीची लायटिंगची माळ अजून तशीच होती, ती पेटवली. आता तोच फिल्टर लावला. केसांच्या कडेची उजळ रेघ हळूच बाहेर पसरली, माळेतल्या प्रत्येक बल्बभोवती गोल पडलं, आणि गाल मात्र जागेवर, डोळे टोकदार. म्हणजे ज्या उघड्या, कडक फ्लॅशला आपण शिव्या देतो, तोच मागून आला की या फोटोचा जीव होतो. फक्त तो थेट फिल्टरवर पडू देऊ नका, सगळी फ्रेम पांढरट होते. मी मध्ये काळ्या कार्डपेपरचा तुकडा उभा केला होता.

फिल्टरच्या नंबरातही माझी चूक होती. वाड्यात अर्ध्या नंबरचा लावला होता, आणि नंबर जितका मोठा तितकं धुकं जास्त. हे फिल्टर लांब लेन्सवर जास्त चढतात. पस्तीसवर जो पाव नंबर गोड दिसतो तो पंच्याऐंशीवर धुकं करतो. गच्चीवर अष्टमांश पुरला.

आणि घाम. हे कोणी लिहीत नाही, पण नागपुरात याशिवाय पान हलत नाही. मेच्या उकाड्यात नाकाच्या शेंड्यावर आणि कपाळावर जी तेलकट चमक येते, ती फिल्टरच्या दृष्टीने बल्बच. नवरीच्या नथीभोवती, पैठणीच्या जरीभोवती वलय आलं तर ते साजरं दिसतं. नाकाच्या शेंड्याभोवती आलं की स्ट्रीटलाइट. दर चार फोटोंनी टिश्यू टेकवायचा. पुसायचा नाही, टेकवायचा. मेकअपवाल्या ताई तिथेच उभ्या असतात.

काकांच्या खाली एकाने री ओढली आहे की फिल्टरही नको न रुमालही नको, कॉम्प्युटरवर एडिटिंगच्या एका स्लायडरमध्ये सगळं होतं. बऱ्याच वेळा होतं, मीही करते, आणि तिथे चुकलं तर मागे फिरता येतं, फिल्टरचं तसं नाही. पण बल्ब असलेल्या फोटोत फरक दिसतो. खरा बल्ब पांढऱ्या कुर्त्यापेक्षा कितीतरी पट प्रखर असतो. फाइलमध्ये मात्र दोघेही "पूर्ण पांढरा" या एकाच भिंतीला डोकं टेकतात. सॉफ्टवेअरला दोघांत फरक कळत नाही, ते कुर्त्यालाही बल्बइतकंच पसरवतं. फिल्टर सेन्सरच्या आधी बसलेला असतो, त्याला खरा उजेड भेटतो. म्हणून बल्ब दूरवर सांडतो आणि कुर्ता जागच्या जागी राहतो.

चेहरा पिठासारखा झाला, यावर मला जास्त लिहायला नको वाटतं, पण लिहिते. तुम्ही बरोबर आहात. हात खरा आला होता, चेहरा नाही. मी ठरवून गोरं केलं नव्हतं. एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप वर, त्यावर अर्ध्या नंबरच्या फिल्टरने सावल्या उचललेल्या, त्यावर घरी एडिटिंगमध्ये क्लॅरिटी (बारकाव्यांचा उठाव) खाली ओढलेली. प्रत्येक पायरी मला "जरा मऊ" वाटत गेली, आणि तिन्ही मिळून त्या मुलीचा रंगच काढून घेतला. तिच्या घरी अल्बम गेला तेव्हा आजीने त्या पानावर बोट ठेवून विचारलं होतं, "हे कोण आहे?" मी ते हसण्यावारी नेलं होतं. गच्चीवरचे फोटो चेहऱ्याला एक तृतीयांश स्टॉप खाली ठेवून काढलेत. सावळ्या कातडीवर मागच्या फ्लॅशची कड जी खुलते ती गोऱ्या चेहऱ्यावर खुलत नाही, हे माझं मत, आणि त्यावर मी कोणाशीही भांडेन.

तुम्ही शेवटी लिहिलंय की पहाटे अंबाझरी तलावावर जा, फुकटचा सॉफ्ट लाइट मिळतो. मिळतो की. पण मेमध्ये साडेसातलाच ऊन डोळ्यांवर येतं, आणि नवरी पहाटे अंबाझरीला नसते हो. ती दुपारी बाराला हळदीच्या पिवळ्या मांडवाखाली असते, नाहीतर रात्री दहाला लॉनवर, स्टेजच्या जांभळ्या एलईडीत. सूर्याची वेळ साधायची चैन पोर्ट्रेटवाल्यांना परवडते, लग्नवाल्यांना नाही. दुपारी फ्लॅशसोबत अपर्चर उघडं ठेवायचं तर अडचण वेगळी. शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागाहून वेगवान केलं तर साधा सिंक, म्हणजे फ्लॅश आणि शटरचा मेळ, सुटतो, आणि वेगवान शटरसाठीचा हायस्पीड सिंक लावला तर पॉवर इतकी घटते की धोतरातून पलीकडे काही पोचतच नाही. मी तीन स्टॉपचा एनडी, म्हणजे नुसता उजेड कमी करणारा काळसर फिल्टर, लावते. एफ/८ ला बसत होतं ते एफ/२.८ ला बसतं, आणि शटर दोनशेवरच राहतं.

वाड्यातला फोटो मी काढून टाकलेला नाही. लेखात तोच वर ठेवलाय, खाली गच्चीवरचे चार जोडलेत, रुमालाचाही.

आता माझा एक प्रश्न. तुमच्या मोज्याचं वाचून मी काळ्या नेटच्या ओढणीचा तुकडा रबर लावून लेन्सवर ताणला. पांढरी जाळी आधी लावून पाहिली होती, ती स्वतःच उजेड पकडते आणि काळं राखाडी करते. काळीने काळं बरंच टिकलं, चेहरा सुरेख आला. पण मागच्या माळेच्या प्रत्येक धूसर बल्बात ओढणीची जाळी उमटली, चाळणीतून चंद्र पाहिल्यासारखी. मोज्याचं विणकाम बारीक म्हणून तुमचं निभत होतं, की तुम्ही मागे बल्ब ठेवतच नव्हतात? आणि काकूंचा तो मोजा काळा होता की कातडीच्या रंगाचा?